चांगल्या माणसाची चौकशी कुठे करावी?

प्रश्न : माझ्या मुलीसाठी स्थळं येताहेत. आम्ही राजारामपुरीत राहतो, माणसं ओळखीची आहेत, चौकशी करायला फार लांब जावं लागत नाही. पण ज्याला विचारावं तो एकच सांगतो, "पोरगा चांगला आहे. निर्व्यसनी आहे, मनमिळाऊ आहे, आई-वडिलांच्या शब्दाबाहेर नाही." दोन अगदी वेगळ्या मुलांबद्दल हीच तीन वाक्यं ऐकली, तेव्हा सांगणाऱ्याला खरंच काही माहीत आहे का, अशी शंका आली. माणूस मनानं चांगला आहे हे ओळखायच्या काही खात्रीच्या खुणा असतात का? आणि लग्नाआधीच्या दोन-चार भेटींत त्या दिसतात का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. त्या तीन वाक्यांत तो मुलगा दुसऱ्या माणसाशी कसा वागतो याबद्दल काहीच आलेलं नाही. निर्व्यसनी म्हणजे तो काय करत नाही, एवढंच कळलं. मनमिळाऊ असणं हा स्वभावाचा भाग झाला. चार माणसांत पटकन मिसळणारा मनानं चांगला असेलच असं नाही, आणि कोपऱ्यात गप्प बसणारा वाईट असतो असंही नाही. उलट लाजऱ्या मुलांवर आपल्याकडच्या चौकशीत फार अन्याय होतो, असं मला वाटतं. आई-वडिलांच्या शब्दाबाहेर नसणं तर दोन्हीकडून वाचता येतं. त्यात माया असू शकते, आणि स्वतःचा निर्णय स्वतः न घेण्याची सवयही असू शकते. उद्या तुमच्या मुलीच्या बाजूनं एखादी गोष्ट बोलायची वेळ आली, तर या दोन्हींतला फरक तिला चांगलाच जाणवेल.

तुमचा प्रश्न मराठीत नवा नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात आधी मूर्खाची लक्षणं सांगितली आणि लगेच पुढच्या समासात उत्तम लक्षणं सांगितली. तो समास पुन्हा वाचून बघा. मन शुद्ध असावं, भाव निर्मळ असावा एवढ्यावर तो थांबत नाही. वाटेवर कसं वागावं, सभेत कसं बसावं, बोलावं कधी आणि गप्प राहावं कधी, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावावा की नाही, असं सगळं डोळ्यांना दिसणारं वागणं त्यात आहे. मला ती पद्धत पटते. मनात डोकावता येत नाही, वागणं मात्र पाहता येतं. तेव्हा खुणा शोधायच्या त्या वागण्यात. पण कुठल्या वागण्यात, आणि ते पाहिलेलं आहे कुणी, यावर सगळं अवलंबून आहे. यासाठी तुमच्याच गावातली एक गोष्ट सांगतो. तुम्ही ती ऐकलेली असणार, तरी या प्रश्नाच्या संदर्भात पुन्हा बघण्यासारखी आहे.

राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे एक दलित सेवक होते. सवर्णांसाठी राखलेल्या पाण्याला हात लावला म्हणून बाकीच्या नोकरांनी त्यांना मारहाण केली. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परतल्यावर त्यांना हे कळलं आणि मारणाऱ्यांना त्यांनी शिक्षा केली. एखादा न्यायी मालक इथे थांबला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. महाराजांनी गंगारामांना स्वतःच्या पायावर उभं राहायला सांगितलं, त्यासाठी मदत केली, आणि गंगारामांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं. नाव ठेवलं ‘सत्यसुधारक’. हॉटेल निघालं, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी तिथे थांबवून चहा मागवू लागले. स्वतः पीत, आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही घ्यायला लावत.

राज्यकर्ता म्हणून महाराजांची कामं आपण शाळेपासून वाचतो. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम, जातीजातींच्या मुलांसाठी काढलेली वसतिगृहं, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. ही कामं इतिहास घडवणारी आहेत. पण तुम्ही विचारता तो चांगुलपणा मला त्या चहाच्या कपात जास्त जवळून दिसतो. गंगाराम महाराजांना परतफेड म्हणून काय देऊ शकत होते? काहीच नाही. उलट महाराजांना त्याची किंमत मोजावी लागणार होती, कारण त्या काळी असं वागणं आपल्याच माणसांच्या रोषाला निमंत्रण होतं. आणि हे एकदा करून ते मोकळे झाले नाहीत, पुन्हा पुन्हा तिथे गेले.

१९२२ साली महाराज गेले. त्यानंतर त्यांचं पहिलं स्मारक कोल्हापुरात उभं राहिलं ते नर्सरी बागेत, आणि त्यासाठी पुढाकार घेणारे होते गंगाराम कांबळे. राजाच्या चांगुलपणाची साक्ष सरदारांनी दिली असती, दरबारातल्या लोकांनी दिली असती, त्यांना त्यात लाभही असता. पण राजा हयात नसताना, त्याच्याकडून आता काहीही मिळण्याची शक्यता उरलेली नसताना, एका चहावाल्यानं दिलेली ही साक्ष आहे. मला तिच्याइतकी वजनदार साक्ष दुसरी सुचत नाही.

म्हणून माझं पहिलं आणि मुख्य सांगणं असं की, तुम्ही चौकशी चुकीच्या दारी करताय. मुलाचे काका, वडिलांचे मित्र, त्याच्या कंपनीतले साहेब, मध्यस्थ पाहुणे, ही सगळी त्याच्या बरोबरीची किंवा वरची माणसं आहेत. त्यांच्याशी तो चांगला वागणारच, तसं वागण्यात त्याचं हित आहे. ज्यांच्याकडून त्याला काही मिळायचं नाही आणि ज्यांना दुखावलं तरी त्याचं काही बिघडत नाही, त्यांना त्याच्याबद्दल काय वाटतं? घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी, अपार्टमेंटचा वॉचमन, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, ऑफिसात त्याच्या हाताखाली नव्यानं लागलेलं पोर, धाकटी वहिनी. राजारामपुरीत गल्लीला नंबर असला तरी माणसाला नाव असतं, आणि कुणाकडची मोलकरीण किती वर्षं टिकली हे सगळ्या गल्लीला ठाऊक असतं. एकाच मावशी पंधरा वर्षं ज्या घरात येताहेत आणि त्यांच्या मुलीच्या लग्नात ते घर पहिल्या रांगेत बसलं होतं, त्या घराबद्दल मी फार विचारणार नाही.

यात एक काळजी घ्या. जो माणूस त्या घरावर पोटासाठी अवलंबून आहे त्याला उभं करून "साहेब कसे आहेत?" असं विचारू नका. तो बिचारा चांगलंच सांगणार, आणि वाईट सांगितलं तर त्याचंच नुकसान होईल. काम सोडून गेलेल्याला विचारलं तर चालेल. त्याहून बरं म्हणजे विचारण्याऐवजी पाहा. हॉटेलात गेलात तर पोऱ्याच्या हातून पाणी सांडल्यावर मुलाचा चेहरा कसा होतो ते पाहा. वाहून आणलेलं सामान ठेवून घामाघूम झालेल्या माणसाला पाणी विचारलं गेलं का, आणि विचारलं तर मुलानं विचारलं की आईनं खुणावल्यावर विचारलं, एवढं जरी नजरेनं टिपलंत तरी पुष्कळ कळेल.

दुसरी खूण प्रामाणिकपणाची. पडलेली वस्तू दिसली की लगेच उचलून घेऊ नये, हे त्या उत्तम लक्षणांतही आहे. आपल्या काळात यावर मोठा प्रयोग झाला आहे. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याची हकिकत प्रसिद्ध झाली. भारतासह ४० देशांतल्या ३५५ शहरांत संशोधकांनी सतरा हजारांहून जास्त ‘हरवलेली’ पाकिटं बँका, हॉटेलं, टपाल कचेऱ्या, पोलीस ठाणी अशा ठिकाणी नेऊन काउंटरवर दिली. "हे बाहेर सापडलं, तुम्ही बघा" म्हणून ते निघून जात. पाकिटात मालकाची कार्डं, किराण्याची यादी आणि एक किल्ली. काही पाकिटांत पैसे नव्हते, काहींत थोडे होते. मालकाला कोण कळवतं ते पाहायचं होतं. पैसे असलेलं पाकीट कमी परत येईल असा सामान्य लोकांचा अंदाज होता, आणि खरा निकाल अर्थतज्ज्ञांनाही आधी ओळखता आला नव्हता. झालं उलटं. बहुतेक सगळ्या देशांत पैसे असलेल्या पाकिटाबद्दल जास्त लोकांनी कळवलं. सरासरी काढली तर बिनपैशाच्या पाकिटाला ४० टक्के आणि पैसेवाल्याला ५१ टक्के. तीन देशांत रक्कम आणखी वाढवून पाहिली, तेव्हा हे प्रमाण ७२ टक्क्यांपर्यंत गेलं.

मला यातली किल्लीची गोष्ट फार आवडते. किल्ली सापडणाऱ्याच्या उपयोगाची नसते, हरवणाऱ्याला मात्र तिच्यावाचून दाराबाहेर उभं राहावं लागतं. काही पाकिटांतून किल्ली काढून ठेवली, तेव्हा कळवणाऱ्यांची संख्या घटली. म्हणजे पाकीट परत करणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी होत्या. आपण चोर ठरू नये ही एक, आणि अनोळखी माणसाच्या अडचणीची जाणीव ही दुसरी. चांगल्या माणसात मला या दोन्ही हव्या वाटतात. पहिली एकटी असली तर माणूस सरळ राहतो, पण कोरडा होतो. आणि आपल्याच लोकांबद्दल उगाच वाईट बोलायची सवय ज्यांना आहे त्यांच्यासाठी सांगतो, २०१३ साली ‘रीडर्स डायजेस्ट’नं जगातल्या १६ शहरांत प्रत्येकी १२ पाकिटं टाकून पाहिली होती. हेलसिंकीत ११ परत आली, आणि दुसरा नंबर आपल्या मुंबईचा होता. तिथे ९ परत आली.

घाईबद्दल मात्र सावध करायला हवं, कारण एका प्रसंगावरून माणसाचा निकाल लावायची आपल्याला खोड आहे. १९७३ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथल्या धर्मशास्त्र शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी एक प्रयोग केला. हे विद्यार्थी पुढे धर्मगुरू होणार होते. त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. त्यातल्या निम्म्यांच्या भाषणाचा विषय होता बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची कथा, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याची. वाटेत एक माणूस दारापाशी कण्हत, खोकत पडलेला होता. ज्यांना भरपूर वेळ होता त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना "उशीर झालाय, लवकर जा" असं सांगितलं होतं, त्यांच्यातले फक्त १० टक्के थांबले. भाषणाचा विषय कोणता होता यानं म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

त्याआधीही, १९२० च्या दशकात, ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोघांनी हजारो शाळकरी मुलांचा खरेपणा तपासला होता. परीक्षेत नक्कल करणारं मूल घरी खोटं बोलतंच असं नाही, आणि खेळात लबाडी न करणारं मूल दुसरीकडे करून जातं, असं त्यांना आढळलं.

यावरून कुणी चांगला-वाईट असं काही नसतंच असा अर्थ काढतात, तो मला मान्य नाही. मला त्यातून कळतं ते असं की, एक दिवस पुरेसा नाही. गर्दीत कुणावर तरी खेकसलेला मुलगा कदाचित दवाखान्यात निघाला असेल. बघण्याच्या कार्यक्रमात गोड बोललेला मुलगा घरून पढवून आणलेला असेल. वर्षानुवर्षं एकसारखं चाललेलं काय आहे ते विचारा. तुमच्या राजारामपुरीत राहून गेलेले वि. स. खांडेकर आपल्याला ‘ययाती’मुळे आणि १९७४ च्या ज्ञानपीठामुळे आठवतात. पण १९३८ मध्ये कोल्हापूरला येण्याआधी अठरा वर्षं ते शिरोड्यासारख्या कोकणातल्या खेड्यात शाळा चालवत होते. कुणी टाळ्या वाजवत नसताना अठरा वर्षं टिकलेलं काम माणसाबद्दल जे सांगतं ते कुठल्याही शिफारशीनं सांगता येत नाही. तुमच्या मुलीसाठी आलेल्या मुलाकडे एवढं मोठं काम नसेल, नसू दे. आजारी आजीचं पथ्यपाणी त्यानं किती महिने सांभाळलं, मित्राला दिलेला हप्त्याचा शब्द शेवटपर्यंत पाळला का, मंडळाची वर्गणी आणि हिशेब त्याच्याकडे असताना कुणाला कधी विचारावं लागलं का, अशा गोष्टी विचारा.

कोल्हापूरकरांना तर विचारायला एक प्रश्न आयताच आहे, "महापुरात ह्या घरानं काय केलं?" ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ५५ फुटांची पातळी ओलांडली, धोक्याची पातळी ४३ फुटांची असताना. शाहूपुरी, दसरा चौक, नागाळा पार्काच्या भागांत पाणी शिरलं, महामार्ग बंद पडला, आणि उपसा केंद्रं बुडाल्यामुळे जिथे पूर नव्हता तिथले नळही कोरडे झाले. राजारामपुरीचा बराचसा भाग उंचावर आहे, त्यामुळे तिथल्या माणसांपुढे निवड होती. दार लावून घेता येत होतं, उघडताही येत होतं. त्या आठवड्यात कुणी पूरग्रस्त कुटुंबाला हॉल रिकामा करून दिला, कुणाच्या बोअरला गल्लीची रांग लागली आणि मालकानं मोटर बंद केली नाही, कोणती पोरं तालमीतून, मंडळातून भाकरी बांधायला आणि होड्यांवर गेली, हे लोकांना आजही आठवतं. कुणी पाण्याच्या बाटलीला दामदुप्पट घेतले, तेही आठवतं. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा तेच लोक पुन्हा पुढे आले का, एवढं विचारलंत की उत्तर आणखी पक्कं होतं.

आता दोन-चार भेटींत काय दिसू शकतं ते. दयाळूपणा बघा असं मी म्हणतो तेव्हा मुलींच्या मनातलंच बोलतो. डेव्हिड बस यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या ३७ समाजांतल्या, दहा हजारांवर माणसांच्या पाहणीत जोडीदाराच्या गुणांत दयाळू आणि समजूतदार असणं स्त्री-पुरुष दोघांनीही अगदी वर ठेवलं होतं. त्यात भारतीय होते.

भेटीत मुलगा दुसऱ्यांबद्दल कसं बोलतो ते ऐका. जे समोर नाहीत त्यांच्याबद्दल, विशेषतः ज्यांच्याशी त्याचं बिनसलं त्यांच्याबद्दल. जुना साहेब, भांडलेला भाऊ, मोडलेलं आधीचं स्थळ. त्याच्या सगळ्या गोष्टींत चूक दुसऱ्याचीच असेल, तर लग्नानंतरच्या गोष्टींतही तसंच होईल. "तिथे माझं जरा चुकलंच" हे वाक्य ज्याच्या तोंडून सहज येतं, लाडीगोडीनं नाही आणि नाटकानं नाही, त्याला माझ्याकडून बरेच गुण. मित्राला बढती मिळाली, बहिणीनं गाडी घेतली, हे सांगताना त्याचा चेहरा फुलतो की बोलण्यात बारीकसा ‘पण’ येतो, तेही कान देऊन ऐका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नकार तो कसा पचवतो. मुलीला सांगा की एखाद्या लहानशा गोष्टीला तिला मनापासून नको असेल तर स्पष्ट नको म्हणावं. रंकाळ्यावर फिरायला जायची वेळ जमत नसेल, फोटो काढायचा नसेल, नोकरीबद्दलचं त्याचं मत पटत नसेल. चांगला माणूस विचारतो, "बरं, मग तुला कसं सोयीचं?" दुसरा हसतो, पण तोच विषय तीनदा काढतो. तिसरा गप्प होतो आणि त्याच्या आईचा फोन येतो. नको म्हणाल्यावर पुढच्या दहा मिनिटांत जे घडतं त्यात मुलीला संसाराचा बराच अंदाज येईल.

तरीही खात्री म्हणाल तर नाही. दोन-चार भेटींत हमी देणारी खूण माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. म्हणून घाई करू नका. साखरपुडा आणि लग्न यांच्यात चार-सहा महिने असू द्या, मुहूर्त आणि हॉल मिळतोय म्हणून ते गुंडाळू नका. त्या काळात दोघांना एकमेकांच्या घरचं एखादं अडचणीचं काम एकत्र करू द्या. दवाखान्याची फेरी असो, घर बदलणं असो, चालेल. आणि या महिन्यांत तुमच्या मुलीला काही खटकलं तर ठरलेलं मोडायची तिला मोकळीक आहे, पत्रिका छापल्या असल्या तरी, हे तिला आजच संध्याकाळी स्वतःच्या तोंडानं सांगा. तिनं विचारेपर्यंत थांबू नका.